रिकाम्या पोटी धोंडा

डॉक्टरांनी मला फक्त एक काम सांगितलं होतं. एक दिवस पोट रिकामं ठेवायचं. ज्यांना हे काम सोपं वाटतं त्यांचं सासर पुणतांब्याला नसावं, किंवा असलंच तर त्यांच्या तपासणीची तारीख अधिक महिन्यात पडलेली नसावी.

तारीख मी हौसेनं घेतली नव्हती. मी कोपरगावला पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. खात्यात चाळिशी उलटलेल्यांची आरोग्य तपासणी झाली, तीत माझ्या शौचाच्या नमुन्यात रक्ताचा अंश सापडला. डोळ्यांना दिसणारं काही नव्हतं, दुखत-खुपत तर काहीच नव्हतं. पण रिपोर्टातल्या त्या ओळीखाली कुणीतरी निळ्या शाईनं रेघ मारून ठेवली होती. ती रेघ बघून माझी बायको पंकजा देवघरात जाऊन बसली ती दूध उतू गेलं तेव्हाच बाहेर आली. नगरचे डॉक्टर शौनक मात्र शांत माणूस. म्हणाले, "बहुतेक वेळा काही निघत नाही. पण मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही." त्यांनी सोमवारची वेळ दिली. त्यानंतरची मोकळी वेळ महिन्याभरानं होती, आणि महिनाभर त्या निळ्या रेघेबरोबर एका घरात राहायची आमची तयारी नव्हती. 'बहुतेक' हा शब्द पंकजानं नगरपासून कोपरगावपर्यंत घोकला. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसलो. मलाही भीती वाटत होती, पण दोघांनी एकाच वेळी घाबरायची आमच्याकडे पद्धत नाही.

दवाखान्यानं सूचनांचा कागद दिला होता. आधीचे तीन दिवस बी असलेलं काही खायचं नाही. तीळ, खसखस, जिरं, वांगं, टोमॅटो, भेंडी, पेरू, सगळं बंद. बिया आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतात आणि दुर्बिणीला काही दिसू देत नाहीत. आदल्या दिवशी तर नुसतं पाणी, शहाळं, साखरपाणी, फार तर वरणावरचं निवळ. संध्याकाळी पाच वाजता एक पुडी लिटरभर पाण्यात कालवून प्यायची, तशीच दुसरी सकाळी. पुढं काय होतं ते कागदावर 'वारंवार शौचास जावे लागेल' एवढ्या सभ्य शब्दांत लिहिलं होतं.

आमच्या शेजारी शामकांत सर राहतात. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायचं अजून बरंच शिल्लक राहिलंय असं त्यांना वाटतं. बातमी कळताच ते माळ्यावरून पचनसंस्थेचा तक्ता काढून घेऊन आले आणि आमच्या ओट्यावरच्या खिळ्याला त्यांनी तो टांगला. तक्त्यातल्या माणसाला चेहरा नव्हता. त्याचा मला त्या क्षणी हेवा वाटला, कारण येणारे-जाणारे थांबून आधी तक्त्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होते.

"कल्याणराव, पोट कुठे असतं दाखवा," सर म्हणाले.

मी बेंबीवर हात ठेवला.

"चूक!" असं म्हणून त्यांनी माझ्या डाव्या बरगडीखाली छडी टोचली. "जठर इथं, वर. खाली आहेत ती आतडी. घास तोंडात गेला की लाळ कामाला लागते, मग अन्ननलिका. तिला वाटतं तेव्हा नव्हे, गेलेला घास ती ढकलतेच. तुम्हाला उलटं टांगलं तरी घास जठरातच जाईल. एकदा गिळलात की पुढचं तुमच्या हातात नाही."

मग जठरातलं आम्ल आणि घुसळण झाली. यकृताचं पित्त झालं, स्वादुपिंडाचा रस झाला. लहान आतडं सहा-सात मीटर लांब, अन्नातलं सगळं सत्त्व तेच शोषून घेतं. मोठं आतडं त्याच्या पाव भागाएवढं, दीड मीटर. त्याचं काम मुख्यतः उरल्यासुरल्यातलं पाणी ओढून घ्यायचं आणि बाकीचं पुढं सारायचं. सात मीटरवाल्याला लहान आणि दीड मीटरवाल्याला मोठं हे पदनाम कुणी दिलं, असं मी विचारलं. सर म्हणाले, ते जाडीवरून ठरतं. आमच्या ऑफिसातही तसंच असल्यामुळे मी पुढं काही बोललो नाही. मात्र पाण्याचा कारभार बघणारी एक शाखा इतकी वर्षं माझ्याच पोटात विनातक्रार चालू होती, हे कळून मला थोडं बरं वाटलं.

शेवटी सरांनी दुर्बीण कुठून आत शिरते ते छडीनं दाखवलं. नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरची भाजीवाली ओट्याशी थांबलेली होती. कालव्याचं पाणी आधी अगदी शेवटच्या, टेलच्या शेतकऱ्याला द्यायचं आणि मग वरवर येत जायचं, असा आमच्या खात्याचा नियम आहे. टेल टू हेड. मी तो शेकडो अर्जांना उत्तर म्हणून लिहिला आहे. टेलला आपण स्वतः असल्यावर त्याच नियमाबद्दल माणसाचं मत बदलतं.

रजेच्या अर्जात मी 'खाजगी काम' असं लिहायला हवं होतं. पण इतरांच्या अर्जातल्या खोट्या कारणांवर वर्षानुवर्षं शेरे मारल्यामुळे मला खरं लिहायची खोड लागली आहे. अर्ज साहेबांकडून परत आला. 'तपासणी आहे की शस्त्रक्रिया, खुलासा करावा.' मी खुलासा केला. पुन्हा परत आला. 'उन्हाळी आवर्तन सुरू असल्याने सदर आतड्याची तपासणी आवर्तनानंतर घेता येईल किंवा कसे?' आवर्तन म्हणजे धरणातून कालव्याला पाणी सोडायची पाळी. ती चालू असताना आमच्याकडे कुणी मरत सुद्धा नाही, निदान रजा टाकून मरत नाही. मी 'घेता येणार नाही' असा खुलासा केला. या येण्या-जाण्यात अर्ज प्रत्येक टेबलावर थोडा वेळ बसला आणि प्रत्येक टेबलानं त्याला एकेक औषध सुचवलं. लेखा शाखेनं कोमट पाण्यात तूप सांगितलं. आवक-जावकनं इसबगोल. शिपायानं एरंडेल, आणि तेही उभ्यानं प्यायचं. मोजणीदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या मामांची केली होती ही तपासणी. काही म्हणजे काही निघालं नाही. गेले बिचारे, पण ते दुसऱ्याच आजारानं."

या सगळ्यावर कडी म्हणजे शुक्रवारी पुणतांब्याहून फोन आला.

सासूबाईंना आमच्याकडे मामी म्हणतात. माझ्या मामींचं नाव भागूबाई. पुणतांब्याला सासुरवाडी आहे, तिथं त्या आणि त्यांचा मुलगा हनुमंत असतात. आता ज्यांना अधिक महिना ठाऊक नाही अशा कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांच्यासाठी सांगतो, की हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. त्याला ओवाळतात, कपडे करतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. एरवी मी पाटबंधाऱ्याचा लिपिक असतो. अधिकात मी नारायण असतो. नारायणानं जेवलं पाहिजे एवढीच अट असते.

"जावईबापू, रविवारी येताय न्हवं? अधिक संपतोय," मामी म्हणाल्या.

"मामी, सोमवारी माझी तपासणी आहे. रविवारी मला काही खायचं नाही. पोट रिकामं लागतं."

"कायबी न्हाई?"

"काहीच नाही."

"बरं. मंग तुमी नुस्तं या. ववाळते, कापडं देते, वान देते. खाऊ नका."

त्या इतक्या सहज कबूल झाल्या तिथंच मला शंका यायला हवी होती. पण फोन तोवर पंकजाकडे गेला होता, आणि पलीकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. "तीन वर्सांनी येतो धोंडा, पंके. मागच्याला तुजा नवरा पाटाच्या कामावर अडाकला हुता. म्होरल्याला मी हाय का न्हाई, कुनाला ठाव?" हे वाक्य मामी अलीकडे वरचेवर बोलत. नुसत्या बोलत नसत, वागतही तशाच. दीड-दोन वर्षांपूर्वी त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून टाकल्या होत्या. 'आता कितीक दिस ऱ्हायलेत, कशाला पोटात भर?' असं त्यांचं म्हणणं. हनुमंत गोळ्या आणून देई आणि त्या फळीवर धूळ खात पडत. पंकजानं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रविवारी दुपारी आम्ही स्कूटरवर पुणतांब्याला निघालो. तीनला पोचायचं, ओवाळून घ्यायचं, साडेचारला परत फिरायचं आणि पाचला घरी पुडी, असा बेत होता. बेतात काही चूक नव्हती.

अंगणात रांगोळी होती, पाट होता, गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामींनी ओवाळलं. मग हनुमंताच्या बायकोनं झाकलेलं ताट आणून पुढं ठेवलं आणि झाकण काढलं. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी आणि कडेला राजगिऱ्याचे दोन लाडू.

"मामी, हे काय?"

"तुमी म्हनलात ना उपाशी ऱ्हायचंय. मंग उपासाचंच क्येलंय समदं," मामी म्हणाल्या. "मीठ सुदीक शेंदेलोन घातलंय. बिनघोर खावा."

मी ताटाकडे बघत राहिलो. यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या भागात उपाशी राहणं म्हणजे हेच. एकादशीच्या दिवशी माणूस एरवीपेक्षा चार घास जास्तच खातो आणि संध्याकाळी उपास घडला म्हणून समाधानानं झोपतो. मी स्वतः आजवर तसाच उपाशी राहत आलो आहे. फक्त डॉक्टर शौनकांचं उपाशी वेगळं होतं. राजगिऱ्याचा लाडू म्हणजे तर नुसत्या बियाच, गुळात वळलेल्या.

मी हा तसला उपास नव्हे म्हणून समजावून सांगितलं. मामी ऐकून घेत होत्या. "मंग निरंकार हाय व्हय?" म्हणाल्या. मी म्हटलं, निरंकारही नाही, पाणी चालतं. "मंग पान्यात शिजवल्यालं चालंल की," असं भिंतीकडून उत्तर आलं. शेवटी मी ताट दोन्ही हातांनी धरून हलकेच पुढं सरकवलं.

जावयानं धोंड्याचं ताट सरकवणं या कृतीला आमच्याकडे एकच अर्थ आहे. तो मला माहीत होता, पण ताट सरकवून झाल्यावर आठवला. भिंतीपाशी कुजबूज सुरू झाली. बायडाबाई नावाच्या शेजारीण आहेत, त्या कुजबुजत्या तरी दोन घरांपलीकडे ऐकू जातात.

"रुसलं जनू जावई."

"काय पायजे म्हनं?"

"गाडी मागत आसंल. स्कूटर बघ की किती जुनी हाय."

या घराचा जावई होऊन मला अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी या घरातून कधी हातरुमालसुद्धा मागितला नाही, उलट दोन विसरून आलो आहे. पण वार्ता शेतापर्यंत गेली. पंधरा मिनिटांत हनुमंत घामाघूम होऊन आला, एक शब्द न बोलता माझ्या ताटाशेजारी त्यानं आपल्या मोटरसायकलची किल्ली ठेवली. "दाजी, दिवाळीपस्तोर कळ काढा. तवर हीच चालवा," म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. माझाही भरून आला, पण वेगळ्या कारणानं. मागोमाग भावकीतले राधाकृष्ण आप्पा काठी टेकत आले. रुसवे काढायला गावात त्यांनाच बोलावतात. ते माझ्यासमोर खाट ओढून बसले.

"बोला पाव्हनं. काय मनात हाय ते मोकळं बोला."

आता मोकळं बोलण्यावाचून इलाज नव्हता. मी सांगितलं. रिपोर्ट, रक्ताचा अंश, मोठं आतडं, नळीला लावलेली दुर्बीण. मामींच्या हातात ओवाळणीचं ताट होतं ते त्यांनी खाली ठेवलं.

आप्पांनी थोडा विचार केला. "नळी कुठून घालत्यात?"

मी पंकजाकडे बघितलं. तिनं रांगोळीकडे बघितलं.

"खालून," मी म्हणालो.

"खालून म्हंजी कुठून?"

पंधरा-वीस बायका, दोन वहिन्या आणि एक म्हैस माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, पण त्यातून काही येईना. शेवटी हनुमंतच कामी आला. तो कालव्याचा जुना लाभधारक आहे.

"आप्पा, टेलकडून," तो म्हणाला.

सगळ्यांना एकदम समजलं. आप्पांनी मान डोलावली आणि किल्ली उचलून हनुमंताच्या खिशात परत घातली. रुसवा नाही, दुखणं आहे, असा निकाल लागला. मग अर्थातच औषधं सुरू झाली. ती बहुतेक ऑफिसातलीच होती, फक्त एरंडेल इथं बसून प्यायचं होतं. या सगळ्यात पाच कधी वाजले ते कळलं नाही. पंकजानं घड्याळ बघितलं आणि पिशवीत जपून बरोबर घेतलेल्या दोन पुड्यांतली एक काढली. पुडी पोटात घालून स्कूटरवर बसायचा विचार मी केला आणि सोडून दिला.

पुडी कळशीत कालवली. चव खारट, वर लिंबाचा वास. मी पहिला पेला तोंडाला लावणार एवढ्यात मामी पुढं झाल्या. त्यांनी पेला माझ्या हातून काढून घेतला, आधी मला पुन्हा कुंकू लावलं आणि मग तो स्वतःच्या हातानं पुढं केला.

"जेवन न्हाई तर न्हाई. ह्ये तरी माज्या हातचं पोटभर घ्या."

तिथून पुढं जे झालं ते पंगतीपेक्षा वेगळं नव्हतं. दुसरा पेला हनुमंताच्या बायकोच्या हातचा. तिसरा चुलत वहिनींचा, नाहीतर त्यांना वाईट वाटलं असतं. मी थांबून दम घ्यायला लागलो की बायडाबाई भिंतीकडून ओरडत, "जावयाला न्हाई म्हनायची खोडच आसती, तुमी वाढा!" चौथ्या पेल्याला मी हात आडवा धरला तो आप्पांनी बाजूला केला. पोट साफ करायचं औषध इतक्या प्रेमानं, इतक्या आग्रहानं कुणी प्यायलं असेल असं मला वाटत नाही. कळशी संपली तरी अजून दोघींच्या हातचं राहिलंच होतं. हनुमंतानं उत्साहात सकाळची पुडी फोडायला घेतली. "हनम्या, ती उद्याची हाय!" असं पंकजा किंचाळली आणि तिनं ती हिसकावून घेतली. राहिलेल्या दोघींनी मला साखरपाणी पाजलं.

सगळे हसत होते. मामी हसत नव्हत्या. त्या आत गेल्या आणि वाणाचं ताट घेऊन आल्या. तुपात तळलेले तेहतीस अनारसे, वर पेटवलेला दिवा. प्रत्येक अनारशाला एका बाजूनं खसखस लावलेली. ताट त्यांनी पंकजाच्या हातात दिलं आणि त्यातला एक अनारसा मोडून तुकडा माझ्या तोंडापुढं धरला.

"यवढ्यानं काय हुतंय?" त्या हळूच म्हणाल्या. "त्वांड ग्वाड क्येल्याबिगर धोंडा पुरा हुत न्हाई. म्होरल्याला कोन भरवील तुमास्नी?"

मी पंकजाकडे बघितलं. तिनं पाठ फिरवली, म्हणजे हो की नाही ते मला अठरा वर्षांत कळलेलं नाही. मामींचा हात तसाच तोंडापुढं होता. बोटं तुपानं चकाकत होती. मी तोंड उघडलं. एकदा घास गेला की पुढचं आपल्या हातात नसतं हे सरांनी सांगितलंच होतं. अनारसा अतिशय चांगला झाला होता.

त्यानंतरच्या काही तासांचं वर्णन मी करणार नाही. संडास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला होता आणि गल्ली घरी गेलेली नव्हती, एवढंच सांगतो. टाकीतलं पाणी संपलं तेव्हा हनुमंत विहिरीवरून बादल्या आणत राहिला. आयुष्यभर पाण्यासाठी माझ्या टेबलापुढं उभा राहिलेला माणूस मला पाणी पुरवत होता. मध्येच तो दाराबाहेरून अगदी आपुलकीनं विचारी, "दाजी, आवर्तन बंद झालं का चालूच हाय?" आणि भिंतीपाशी बसलेल्या कुणीतरी परस्पर सांगे, "चालूच हाय."

सकाळी दुसरी पुडी झाली. हनुमंतानं कुणाची तरी जीप आणली. नगरपर्यंतच्या वाटेवर कुठल्या पंपावर काय सोय आहे आणि कुठल्या ढाब्याच्या दाराला कडी नाही, याची माहिती आता मला तोंडपाठ आहे.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "शेवटचं अन्न कधी घेतलं?" माझ्या आधी पंकजाच म्हणाली, "शनिवारी." मी छताकडे बघितलं. मग मला एक झगा दिला. त्याला नाड्या मागं होत्या आणि त्या बांधायच्या नाहीत असं सांगितलं. हातात सुई टोचली, डोळे जड झाले, पण समोरचा पडदा दिसत होता. पडद्यावर माझं मोठं आतडं आलं. ते तक्त्यातल्यासारखं तपकिरी नव्हतं. गुलाबी, ओलसर, घड्या-घड्यांचं, आणि खरं सांगायचं तर माझ्या चेहऱ्यापेक्षा बरं दिसत होतं.

"छान साफ आहे," डॉक्टर शौनक म्हणाले. दुर्बीण वर सरकत राहिली. जरा वेळानं ते थांबले. "हे काय?"

एका घडीच्या कडेला पांढरे बारीक ठिपके चिकटले होते.

"खसखस," मी म्हणालो.

"खसखस कुठून आली?"

"अनारशावरून."

डॉक्टरांनी दुर्बीण जराशी मागं घेतली. "सूचना वाचल्या होत्या ना?"

"वाचल्या होत्या. पण धोंडा होता."

मग ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "मीही काल सासरीच होतो. दोन ताटं." आणि त्यांनी नळीतून पाण्याचा फवारा सोडून ती जागा धुवायला घेतली. फवारा चांगल्या दाबाचा होता. ठिपके वाहून गेले. डॉक्टरांनी दुर्बीण वळवून घडीच्या मागं घातली आणि म्हणाले, "थांबा."

तो शब्द ते नर्सला म्हणाले होते की मला, ते कळलं नाही. इतके दिवस मी ज्या भीतीला खिडकीबाहेर बघून टाळत होतो ती त्या शब्दाबरोबर सरळ छातीवर येऊन बसली. घडीच्या मागं शेंगदाण्याएवढा एक गुलाबी कोंब होता.

"वाईट आहे का?" मी विचारलं. जीभ जड झाली होती.

"आज तसा दिसत नाही. ठेवला तर पुढं काही वर्षांनी होऊ शकतो, म्हणून ठेवायचा नाही." त्यांनी तारेचा बारीक फास काढला, कोंबाच्या देठाला अडकवला आणि आवळला. मला काही जाणवलं नाही. कोंब बाटलीत गेला आणि बाटली प्रयोगशाळेत.

बाहेर आल्यावर पंकजाला सगळं सांगितलं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि मग मट्‌कन बाकावर बसली. तेव्हा कळलं की तिनंही रविवारपासून काही खाल्लं नव्हतं. उपासाचंसुद्धा नाही. हनुमंतानं समोरच्या गाड्यावरून वडापाव आणला. तिनं रडत रडत दोन वडापाव खाल्ले. मी पिशवीतल्या वाणाकडे हात नेला तो तिनं झटकला.

आठवड्यानं रिपोर्ट आला. कोंबात वाईट काही नव्हतं, मात्र पुढं-मागं वाईट होऊ शकणाऱ्या जातीचा होता. पूर्ण निघाला होता. यावेळी कुठल्याच ओळीखाली रेघ नव्हती. तो कागद घेऊन आम्ही पुणतांब्याला गेलो. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हंजी माज्या अनारशानं घावलं."

मी डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी समजावलं, "आजी, अनारशामुळे नाही हो. खसखशीनं उलट माझं काम वाढलं. पोट नीट रिकामं असतं तरी मला ते दिसलंच असतं. तुम्ही पुन्हा असं काही खाऊ घालू नका."

"व्हय व्हय," मामी म्हणाल्या आणि फोन मला परत दिला. "लई गुनाचा हाय डाक्टर. लाजतोय." बायडाबाईंच्या भावाची मुतखड्याची तपासणी आहे. त्यांनी आधीच मामींकडून चार अनारसे नेऊन ठेवले होते.

निघताना मी म्हणालो, "मामी, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय. तीन वर्षांनी परत बघायचं म्हणालेत."

मामी उंबऱ्यात उभ्या होत्या. "तीन वर्सांनी?" त्यांनी बोटांवर महिने मोजायला घेतले. मोजता मोजता मध्येच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून धरलं. अंगठा शेवटच्या बोटावर येऊन थांबला.

"म्हंजी म्होरल्या धोंड्यालाच की."

"साधारण तेव्हाच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पंकजाकडे बघितलं. मग आत वळून त्यांनी फळीकडे मान वर केली. गोळ्यांची जुनी पाकिटं खाली काढली, पदरानं धूळ पुसली आणि उजेडाकडे धरून बघितली. ती केव्हाच मुदतीबाहेर गेली होती.

"हनम्या," त्यांनी हाक मारली, "बीपीच्या गोळ्या घिऊन ये रं. तीन वर्साच्या आन."